पाटाचं पाणी की घरची विहीर? केबल काढण्याआधीचा हिशेब

महिन्याच्या पाच-सहा तारखेला केबलचे अण्णा वसुलीला येतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत वीस वर्षं हाच माणूस. आधी हातात पावतीपुस्तक असायचं, आता मोबाइल असतो. सायकलची स्कूटर झाली, एवढाच काय तो दुसरा फरक. गेल्या महिन्यात ते दारात उभे असताना शेजारच्या वैनींनी कट्ट्यावरून हाक मारली. "अण्णा, आमचं बंदच करून टाका बघा. पोरगं म्हणतंय आता सगळं नेटवरच येतंय."

"करतो की वैनी," अण्णा म्हणाले. "पण साडेसातला आत्तींची मालिका कुठं लावायची, तेवढं पोराला इचारून ठेवा."

आत्ती म्हणजे वैनींच्या सासूबाई. वैनी गप्प झाल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळं टीव्हीतून जे जे येतं त्याला मी जबाबदार आहे असा गल्लीचा समज आहे. त्या दिवशी दारात उभं राहून उत्तर देणं जमलं नाही. हे ठेवा, ते काढा असं एका वाक्यात सांगण्यासारखं ते नाहीच.

आणि प्रश्न एकट्या वैनींचाही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्या दिवाळीत आमच्याच गल्लीत चार घरांत भिंतभर टीव्ही आले. नवा टीव्ही लावला की पहिल्या पडद्यावर केबल दिसतच नाही. नेटवरच्या ॲप्सचे रंगीत चौकोन दिसतात, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक चौकोन पैसे मागतो. तिकडं डिशचे, म्हणजे डीटीएचचे देशातले चालू ग्राहक २०२१ मध्ये सात कोटींच्या आसपास होते, ते २०२५ पर्यंत सहा कोटींच्या खाली आले. हे आकडे ट्रायचे, म्हणजे फोन, नेट आणि टीव्हीसेवांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे. लोक उठून कुठंतरी चाललेत एवढं खरं.

## कालव्याची पाळी आणि विहिरीची मोटर

म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यावर ज्याचं रान आहे, त्याला केबल समजावून सांगायला लागत नाही. कालव्याला पाणी कधी सुटायचं हे आपल्या हातात नसतं. रात्री दोनची पाळी आली तर दोनला उठायचं. डोळा लागला तर पाणी पुढच्याच्या बांधाला गेलं.

केबलचं तसंच. वाहिन्यांचे कार्यक्रम उपग्रहावरून मोठ्या केंद्रावर उतरतात, तिथून तारेनं गावोगाव आणि शेवटी अण्णांच्या खांबावरच्या डब्यातून आपल्या घरात. सगळ्या वाहिन्या त्या तारेतून सतत वाहत असतात. आपला सेट-टॉप बॉक्स फक्त कुठलं दार उघडायचं ते ठरवतो. गल्लीत एकच घर टीव्ही बघत असो की शंभर, तारेवरचा भार तेवढाच. म्हणून रात्री आठला अख्खी सांगली मालिका बघत असली तरी केबलवर चित्र गोल गोल फिरत बसत नाही.

ओटीटी ही घरची विहीर. हा शब्द 'ओव्हर द टॉप'चा संक्षेप आहे. केबलवाला, डिशवाला या मधल्या माणसांच्या डोक्यावरून कार्यक्रम थेट इंटरनेटनं घरात येतो, म्हणून ते नाव. तुम्ही बटण दाबलं की तुमच्यापुरता वेगळा प्रवाह सुरू होतो. पहाटे पाचला दाबा, मध्येच थांबवून भाकरी थापून या, तो तिथंच थांबलेला असतो. पण मोटर तुमची, बिल तुमचं. आणि एका विहिरीवर तीन मोटरी टाकल्या की धार बारीक होते, हे कुणी सांगायला नको.

पुढची सगळी सुखं आणि सगळ्या कटकटी या एका फरकातून निघतात.

## आधी केबलचं बिल वाचा

बहुतेक घरांत हे बिल कुणी वाचलेलंच नसतं. अण्णा साडेतीनशे म्हणाले की आपण साडेतीनशे देतो.

त्यात दोन भाग असतात. पहिला तारेचं भाडं. २०१९ मध्ये ट्रायची नवी दररचना लागू झाली तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी हे भाडं जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. हा आकडा तेव्हा घरोघरी पाठ झाला होता. २०२० मध्ये त्याच पैशांत दोनशे वाहिन्या द्यायला सांगितलं, आणि दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या त्याशिवाय. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही कमाल मर्यादा काढून टाकली. आता प्रत्येक कंपनी आपलं भाडं स्वतः ठरवते आणि जाहीर करते, त्यामुळं मिरजेतल्या मामाचं बिल आणि तुमचं बिल जुळेलच असं नाही.

दुसरा भाग पैसे लागणाऱ्या वाहिन्यांचा. त्या सुट्या घेता येतात किंवा गठ्ठ्यानं. गठ्ठा म्हणजे आठवडी बाजारातला वाटा. वर दोन चकचकीत वांगी, खाली चार आपल्याला नको असलेली, आणि सुटं मागितलं की बाई म्हणते, "वाटाच घ्या की, परवडंल." पण सुटं मागायचा हक्क आपल्याला आहे. ज्या वाहिन्या गठ्ठ्यात घालायच्या असतात, त्यांची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही.

आता वैनींच्या आत्तींचं बघा. त्यांना दोनच मराठी मनोरंजन वाहिन्या लागतात, बाकी बातम्या आणि दूरदर्शन. १३० रुपये भाडं धरलं, दोन वाहिन्यांचे जास्तीत जास्त ३८ धरले, तर झाले १६८. वर जीएसटी लावून १९८ रुपये आणि काही पैसे. वैनी साडेतीनशे देत होत्या. उरलेल्या पैशांत घरात काय येत होतं? कुणी न बघितलेल्या इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्या, दोन कार्टूनच्या (पोरगं आता बारावीला आहे) आणि एक तमिळ.

तेव्हा केबल महाग पडते असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी गठ्ठा सोडून बघावा. निम्म्या घरांचं काम तिथंच होईल, असा माझा अंदाज आहे.

## नळीचे पैसे वेगळे, पाण्याचे वेगळे

ओटीटीच्या जाहिरातीत दिसते ती किंमत पाण्याची. नळीची, म्हणजे इंटरनेटची, त्यात नसते. घरात पोरांच्या अभ्यासाला किंवा कुणाच्या घरून चालणाऱ्या नोकरीला नेट आधीच असेल, तर तो खर्च टीव्हीच्या डोक्यावर टाकू नका. पण फक्त टीव्हीसाठी नेट घेणार असाल तर सगळाच्या सगळा टाका. शिवाय ४९९ रुपयांचा प्लॅन म्हणून जो सांगतात, तो जीएसटीसकट ५८९ ला पडतो. दुकानात हे शेवटी सांगतात.

मग मोबाइलचंच नेट टीव्हीला जोडलं तर? वैनींच्या पोराचा हाच बेत होता. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या दर्जाच्या चित्राला तासाला एक जीबीपर्यंत, एचडीला तीन जीबीपर्यंत आणि फोर-केला सात जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज दोन जीबीचं पॅक असेल तर एचडीत चाळीस मिनिटं बघून झाली की दिवसाचा कोटा संपला. घरात मिळून रोज चार तास टीव्ही चालत असेल तर महिन्याला साडेतीनशे जीबीच्या पुढं जाणार. मोबाइलच्या पॅकवर हे भागत नाही. फायबर लागतो, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून येणारं घरचं इंटरनेट.

वेग किती घ्यायचा, हे दुकानदाराला विचारू नका, तो शंभरच सांगणार. फुल एचडी चित्राला सेकंदाला पाच मेगाबिट पुरतात, फोर-केला पंधरा. हे आकडेही नेटफ्लिक्सचेच. दोन टीव्ही आणि तीन मोबाइलच्या घराला तीस मेगाबिटचा प्लॅन व्यवस्थित चालतो.

## मग अडकतं कुठं?

हे जरा सावकाश सांगतो, कारण लोक पैसे वाया घालवतात ते इथं, आणि मीही घातलेत.

सांगलीला कृष्णेचं पाणी उपसून, शुद्ध करून आधी उंच टाक्यांत चढवतात आणि मग नळाला सोडतात. दर घराला थेट नदीतून नळ दिला तर शेवटच्या घरात थेंब पोचणार नाही. ओटीटीवाले हेच करतात. सिनेमा परदेशातल्या कुठल्या तरी संगणकावरून दर वेळी तुमच्याकडं येत नाही. त्याच्या प्रती मोठ्या शहरांतल्या साठवण संगणकांवर आधीच भरून ठेवलेल्या असतात आणि जवळच्या टाकीतून तुम्हाला सोडतात.

शिवाय सिनेमा एकसंध येत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो, आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार असतो. टीव्हीतलं ॲप पुढचे काही तुकडे आधीच आणून ठेवतं, जसा आपण नळ जायच्या आत पिंप भरून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. धार बारीक झाली की ॲप हलक्या दर्जाचे तुकडे मागवतं. सुरुवातीला चित्र धुरकट दिसून मग लख्ख होतं ते यामुळंच. आणि पिंप पार रिकामं झालं की ते गोल चक्र.

आता माझी गोष्ट. आमच्या घरी नेट आलं तेव्हा तार पुढच्या दारातून आत आली, म्हणून राउटर, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारा डबा, दाराशीच बसवला. टीव्ही मागच्या खोलीत. मध्ये दोन विटांच्या भिंती आणि आईचं लग्नातलं लोखंडी कपाट. रोज रात्री चित्र अडकायचं. कंपनीला फोन केला, त्यांनी मोठा प्लॅन घ्यायला लावला, मी मुकाट्यानं घेतला. तरी अडकायचंच. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माणसाला हे सुचायला दोन महिने लागले, सांगायला लाज वाटते, पण शेवटी मोबाइलवर वेग मोजला. राउटरजवळ चाळीसच्या पुढं आणि टीव्हीजवळ सहा. बाहेरून येणाऱ्या नळीत पाणी भरपूर होतं, घरातलीच फिटिंग चोंदली होती.

वायफाय दोन पट्ट्यांत बोलतो. एक खालची, २.४ गिगाहर्ट्झची, भिंतीपलीकडं जाते पण हळू असते, आणि शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची तिथं गर्दी. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, वेगवान, पण दोन भिंतींत दम तोडते. कपाटाच्या पत्र्यापुढं तर दोघींचंही फारसं चालत नाही. मी पंधरा मीटरची लॅनची तार आणली, छताच्या कडेनं खिळे मारत राउटरपासून टीव्हीच्या पाठीपर्यंत नेली आणि पुन्हा जुन्या प्लॅनवर आलो. त्यानंतर ते चक्र मी क्वचितच बघितलंय. टीव्ही जिथं आहे तिथं राउटर न्या, नाहीतर तार ओढा. मोठा प्लॅन हा त्यावरचा इलाज नव्हे.

## कुठली मालिका कुठल्या चौकोनात?

केबलवर सगळ्या वाहिन्या एका तारेत असतात. ओटीटीवर प्रत्येक घराण्याची विहीर वेगळी. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर. (जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला एक झाले, ते हेच.) झी मराठी बघायची तर झी फाइव्ह, सोनी मराठीला सोनी लिव्ह, सन मराठीला सन नेक्स्ट. आत्तींच्या दोन वाहिन्या दोन घराण्यांच्या निघाल्या, म्हणजे दोन ॲप्स आली. मराठी मालिकाच बघायच्या असतील तर ओटीटीनं स्वस्त पडेल, हा समज इथं कोसळतो.

बातम्यांचं मात्र सोपं आहे. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या आपलं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट दाखवतात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्ह्ज' नावाचं ॲप काढलंय, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या मिळतात.

सिनेमाचं आणखी वेगळं. आज दिसलेला सिनेमा दोन वर्षांनी त्याच ॲपवर सापडत नाही आणि लोक चिडतात. ॲपवाल्यांनी तो विकत घेतलेला नसतो हो, खंडानं घेतलेला असतो. मुदत संपली की मालक दुसऱ्याला देतो. त्यांनी स्वतः पैसे घालून बनवलेलं तेवढं सहसा त्यांच्याकडं राहतं.

आणि किंमत बघताना ती कशावर चालते ते बघा. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतातला मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ वर आणला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये तिघांनी लगोलग घेतला, आणि संध्याकाळी घरी जाऊन बघतात तर टीव्हीवर चालेना. मोबाइल प्लॅन मोबाइल आणि टॅबवरच चालतो, हे त्यात लिहिलेलं होतं. 'किती पडद्यांवर एकदम' हाही आकडा असतो. एकाच पडद्याचा प्लॅन असेल तर हॉलमध्ये एकजण बघत असताना आतल्या खोलीतला बाद. मेव्हण्याचा पासवर्ड वापरायचे दिवसही सरले. नेटफ्लिक्सनं जुलै २०२३ पासून भारतातही 'एक खातं, एक घर' लावलंय.

जाहिरातींपासून सुटका हवी म्हणून ओटीटी घेणाऱ्यांनी हेही ऐकावं. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओनं १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या, त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये जादा. क्रिकेटचंही तसंच झालं. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट होती, २०२५ ला पैसे आले. बाजार काबीज करेपर्यंत फुकट, मग भाडं. केबलनं नव्वदच्या दशकात वेगळं काय केलं होतं?

## सगळी ॲप्स एकदम कशाला?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. केबल वर्षभर चालू ठेवायची आपल्याला सवय आहे, म्हणून ॲप्सही आपण वर्षभर चालू ठेवतो. त्याची गरज नसते. विहिरीचा फायदाच हा की पाणी लागेल तेव्हाच मोटर चालवायची.

आमच्या घरी आळीपाळी चालते. आयपीएलचे दोन-अडीच महिने क्रिकेटचं ॲप. जून-जुलैत पाऊस लागला की सिनेमांचं. दिवाळीनंतर बायकोला कोरियन मालिका बघायच्या असतात, मग ते. एका वेळी एकच पैशाचं ॲप, बाकी बंद. वर्षाचं घेतलं की महिना स्वस्त पडतो हे खरं, पण ते वर्षभर बघणाऱ्यालाच. चार महिन्यांसाठी बारा महिन्यांचा स्वस्त दर म्हणजे पुन्हा बाजारातला वाटाच. आता तर नेट कंपन्याच 'वीस ॲप्स एकत्र' असा गठ्ठा द्यायला लागल्यात. फिरून आपण त्याच बाईच्या पाटीपुढं उभे.

आळीपाळीला एक शिस्त मात्र लागते. पैसे भरताना 'ऑटोपे' चालू होतो, म्हणजे मुदत संपली की बँकेतून आपोआप पैसे कापायची परवानगी. आमच्या पोरानं एका स्पर्धेसाठी एक ॲप वर्षाच्या बोलीवर घेतलं. स्पर्धा संपल्यावर ॲप मोबाइलमधून काढून टाकलं, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा पैसे गेले. ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, आणि १५ हजारांपर्यंत दर वेळी ओटीपीही लागत नाही. ती सूचना आमच्याकडं आली होती, कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांत गाडली गेली, एवढंच. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते. महिन्यातून एकदा ती उघडून नको ते बंद करा. घेताना एक बटण आणि सोडताना सात पायऱ्या ठेवणं याला केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमावलीत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून बंदी आहे. त्रास झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

## "पण मॅच?"

मॅच दिसते. फक्त उशिरा दिसते. मघाशी तुकड्यांचं सांगितलं. मैदानावर चेंडू पडला की त्या क्षणाचा तुकडा बनतो, चार-पाच दर्जांत तयार होतो, टाक्यांत चढतो, तुमचं ॲप दोन-तीन तुकडे पिंपात भरतं आणि मग दाखवतं. यात केबलच्या मागं काही सेकंद ते अर्धा मिनिट सहज जातं. मालिकेला त्यानं काही बिघडत नाही. शेवटच्या षटकात शेजारी केबल असेल तर बिघडतं.

## "पूर आला, वीज गेली की?"

सांगलीकराला हा प्रश्न पडणारच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा केबल काय आणि नेट काय, गावभागातली वीजच नव्हती. हातातली बॅटरी आणि खिशातला रेडिओ या दोन गोष्टींना तेव्हा पर्याय नव्हता आणि आताही नाही. त्या बाबतीत केबल आणि नेट दोघंही सारखेच कुचकामी. एरवी तास-दीड तास वीज जाते त्याला मात्र राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा, मिळतो. टीव्ही बंद पडला तरी मोबाइलवर बातम्या चालू राहतात, आणि हे केबलला जमत नाही.

## "आत्तींना जमेल का?"

खरी अडचण ही. आत्तींना वाहिनीचा नंबर बोटांना पाठ आहे. चष्मा न लावता तीन बटणं दाबतात आणि मालिका लागते. ॲपमध्ये आधी चौकोन शोधा, मग 'कोण बघतंय' ते सांगा, मग मालिका, मग भाग. शिवाय टीव्ही चालू केल्याबरोबर काहीतरी आपोआप वाहत असतं, ही सवय ओटीटीत नाही. तिथं दर वेळी निवडायला लागतं, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री निवडायचंच नसतं.

माझ्या आईनं यातून स्वतःची वाट काढली. रिमोटवर माइकचं बटण आहे ते तिला कळलं. पहिल्यांदा तोंडाशी धरून ती म्हणाली, "बाई, जरा बातम्या लाव गं." बाईनं पाककृती लावली. आता ती वाहिनीचं नुसतं नाव घेते, तेवढं कळतं. आठवडा गेला शिकायला. पण ज्यांच्या घरी शिकवायला संध्याकाळी कुणी नाही, दोघंच म्हातारा-म्हातारी आहेत आणि नेटही नाही, त्यांची केबल कुणी काढू नये. किंवा दूरदर्शनची डीडी फ्री डिश बसवावी. डिश आणि डबा एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री दिसते, खासगी वाहिन्या मात्र लिलावानं येतात, त्यामुळं यंदा दिसणारी पुढच्या एप्रिलात असेलच असं नाही.

लहान मुलांच्या घरात एक काम पहिल्याच दिवशी करा. २०२१ च्या नियमांप्रमाणं ओटीटीवरच्या कार्यक्रमांना वयाचे शिक्के असतात, आणि १३ वर्षांवरच्यांसाठीचं किंवा त्यापुढचं काही असेल तर कुलूप लावायची सोय देणं बंधनकारक आहे. सोय आहे, कुलूप आपण लावायचं.

आणि कुणी 'दीडशे रुपयांत सगळी ॲप्स' म्हणून लिंक पाठवली तर उघडू नका. ती चोरी आहेच, शिवाय कार्डाचा नंबर कुणाच्या हातात गेला ते कळत नाही.

## "मग अण्णांच्या पोटाचं काय?"

हे वैनींनी विचारलं, हळूच. मला वाटलं होतं अण्णा नाराज असतील. उलट त्यांनीच हसून सांगितलं की गल्लीत फायबरची जोडणी त्यांचाच मुलगा करतो. खांब तेच, शिडी तीच, वसुली तीच. तार तेवढी तांब्याची होती ती काचेची झाली. केबलची घरं कमी झाली, पण नेट बंद पडलं की लोक दिवसातून तीनदा फोन करतात. केबल गेल्यावर एकदाच करायचे.

शेवटी वैनींनी हिशेब मांडला तो असा. हॉलमधली केबल ठेवली, पण गठ्ठा सोडून आत्तींच्या दोन वाहिन्यांपुरती. उन्हाळ्यात आत्ती लेकीकडं जातात तेव्हा ती तात्पुरती बंद ठेवायची, तशी सोय नियमांत आहे. पोराच्या अभ्यासाला फायबर घेतला, तीस मेगाबिटचा. पैशाचं ॲप एकच, तेही सामन्यांपुरतं.

अण्णांच्या मुलानं तार जोडली त्याच संध्याकाळी सामना होता. आत्तींनी मालिका संपल्यावर हॉलमध्ये केबलवर क्रिकेट लावलं, पोरगं आतल्या खोलीत नव्या नेटवर ॲप लावून बसलेलं. मी कट्ट्यावर होतो. हॉलमधून आत्ती ओरडल्या, "गेला गं बाई, गेला! दांडीच उडाली!"

आतून पोरगं कळवळून ओरडलं, "आज्जी, सांगू नको की! माझा अजून बॅटिंग करतोय!"